८,७५,३९,३१९ : एका मोठ्या संख्येची ओळख कशी करून घ्यावी

एखादी आठ-दहा अंकी संख्या समोर आली की ती मूळ आहे की संयुक्त, एवढं पाहून आपण पान उलटतो. मला हे मनापासून खटकतं. संयुक्त संख्येच्या पोटात बरंच काही दडलेलं असतं आणि ते बाहेर काढायला सातवी-आठवीचं गणित, कागद-पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

या लेखात एकच संख्या घेऊ : ८,७५,३९,३१९. आठ कोटी पंच्याहत्तर लाख एकोणचाळीस हजार तीनशे एकोणीस. हीच का निवडली ते शेवटच्या पायरीत कळेल. तोवर ती तुमच्यासाठी अनोळखीच राहू दे. एकच विनंती आहे : प्रत्येक आकडा स्वतः करून पाहा. नुसतं वाचून हे हातात बसत नाही.

पायरी १ : भागायला बसण्याआधी नुसती बघा

शेवटचा अंक ९, म्हणजे संख्या विषम. २ने आणि ५ने भाग जाणार नाही. शेवटचे दोन अंक १९, त्यांना ४ने भागलं तर बाकी ३. शेवटचे तीन अंक ३१९, त्यांना ८ने भागलं तर बाकी ७. शंभराला ४ने आणि हजाराला ८ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे अख्ख्या संख्येच्या बाक्याही याच. या दोन बाक्या वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. त्या आत्ता किरकोळ वाटतील, पण पायरी ५ मध्ये सगळं काम त्याच करणार आहेत.

ही वर्गसंख्या असेल का? वर्गाच्या शेवटी ९ येऊ शकतो. अंकांची बेरीज ८+७+५+३+९+३+१+९ = ४५, पुन्हा बेरीज ९; वर्गाच्या बाबतीत तेही चालतं. म्हणजे शाळेत शिकवलेल्या दोन्ही कसोट्यांमधून ही पार पडते. पण विषम संख्येच्या वर्गाला ४ने भागलं तर बाकी नेहमी १ उरते. आपली बाकी ३ आहे, तेव्हा वर्ग असण्याचा प्रश्नच मिटला. वर्गमूळ काढूनही खात्री करता येते : ९,३५६चा वर्ग ८,७५,३४,७३६ आणि ९,३५७चा ८,७५,५३,४४९. आपली संख्या मध्ये पडते.

वर्गमूळाचा हा ९,३५६ आकडाही लिहून ठेवा. संख्या संयुक्त असेल तर तिचा किमान एक मूळ अवयव वर्गमूळाहून मोठा नसतो. म्हणजे शोध ९,३५६च्या आतच करायचा.

पायरी २ : अवयव पाडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मूळ अवयव हातात आले की पुढचे बहुतेक गुण गुणाकार-बेरजेनं निघतात. ते नसतील तर पुढे अंदाजच बांधावे लागतात.

अंकांची बेरीज ४५ आली, म्हणजे ९ने भाग जातो हे कळलंच. पण मला इथे तीन-तीनचे गट करायची युक्ती जास्त आवडते. आपला स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी पडतो, तो जरा बाजूला ठेवा आणि उजवीकडून तीन-तीन अंक तोडा :

८७ | ५३९ | ३१९

आता दोन गोष्टी करा. एक, या गटांची सरळ बेरीज : ८७ + ५३९ + ३१९ = ९४५. हजाराला ९९९ने भागलं तर बाकी १ उरते, म्हणून मूळ संख्या आणि ही बेरीज यांना ९९९ने भागल्यावर सारखीच बाकी उरते. ९९९ म्हणजे २७ × ३७. ९४५ म्हणजे २७ × ३५. तेव्हा आपल्या संख्येला २७ने भाग जातो, आणि ३७ने जात नाही. एका बेरजेत दोन उत्तरं मिळाली.

दोन, एकाआड एक वजाबाकी-बेरीज : ३१९ − ५३९ + ८७ = −१३३. हजार हा १००१पेक्षा एकनं कमी, आणि १००१ = ७ × ११ × १३. म्हणून ७, ११ आणि १३ या तिघांची चौकशी या एका आकड्यावर होते. १३३ = ७ × १९. ७ने भाग जातो, ११ने आणि १३ने जात नाही.

आता प्रत्यक्ष भागाकार :

८,७५,३९,३१९ ÷ ३ = २,९१,७९,७७३
२,९१,७९,७७३ ÷ ३ = ९७,२६,५९१
९७,२६,५९१ ÷ ३ = ३२,४२,१९७
३२,४२,१९७ ÷ ७ = ४,६३,१७१

३२,४२,१९७च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ तिथेच संपला. ४,६३,१७१ला पुन्हा ७ने भागून पाहिलं तर बाकी २ उरते, म्हणजे ७ही एकदाच. (एकदा भाग गेला म्हणजे तो अवयव संपला असं धरू नका. नवख्यांची सर्वांत जास्त चूक इथेच होते.)

शोधाची मर्यादा कशी आक्रसत गेली बघा. सुरुवातीला ९,३५६पर्यंत जायचं होतं. तीन वेळा ३ काढल्यावर ३२,४२,१९७चं वर्गमूळ १,८००च्या थोडं पुढे. ७ काढल्यावर ४,६३,१७१चं वर्गमूळ साधारण ६८०. म्हणून दर वेळी भाग गेला की वर्गमूळ नव्यानं काढा. जुनी मर्यादा धरून बसलात तर शेकडो भागाकार फुकट कराल.

११ आणि १३ बाद झालेच आहेत. पुढच्या मूळ संख्या घेऊन ४,६३,१७१ला भागू. १७ने बाकी ६, १९ने बाकी ८, २३ने बाकी २०, २९ने बाकी १२, आणि ३१ने बाकी शून्य. भागाकार १४,९४१.

आता मर्यादा फक्त १२२. पुन्हा ३१ : बाकी ३०. ३७ मघाशीच बाद झाला. ४१ने १७, ४३ने २०, ४७ने ४२, ५३ने ४८, ५९ने १४, ६१ने ५७ आणि ६७ने शून्य. उरले २२३. ६७पेक्षा लहान एकाही मूळ संख्येनं १४,९४१ला भाग गेलेला नाही, आणि ६७चा वर्ग २२३हून कितीतरी मोठा आहे, म्हणून २२३ मूळ असणारच. वेगळी तपासणी नको.

८,७५,३९,३१९ = ३ × ३ × ३ × ७ × ३१ × ६७ × २२३

उलटा गुणाकार करून पडताळा घ्या : २७ × ७ = १८९, × ३१ = ५,८५९, × ६७ = ३,९२,५५३, × २२३ = ८,७५,३९,३१९. पडताळ्याचा कंटाळा करू नका. इथे एक अंक चुकला तर पुढचं सगळं चुकतं आणि चूक कुठे झाली ते शोधणं मूळ कामापेक्षा अवघड जातं.

दोन नोंदी लगेच करा. वेगवेगळे मूळ अवयव पाच, आणि पुन्हा आलेले धरून सात. ३ तीनदा आल्यामुळे ९ या वर्गानं भाग जातो, म्हणजे ही संख्या 'वर्गमुक्त' नाही.

पायरी ३ : विभाजक मोजा, त्यांची बेरीज करा

कोणताही विभाजक बनवायचा तर याच अवयवांतून निवड करायची. ३ घ्यायचा तो शून्य, एक, दोन किंवा तीन वेळा : चार पर्याय. ७, ३१, ६७ आणि २२३ प्रत्येकी घ्यायचा किंवा सोडायचा : दोन-दोन पर्याय. ४ × २ × २ × २ × २ = ६४. एवढ्या मोठ्या संख्येला नेमके चौसष्ट विभाजक आहेत, आणि ते मोजायला एकही विभाजक लिहून काढावा लागला नाही.

बेरीजही त्याच चालीनं होते. (१ + ३ + ९ + २७) × (१ + ७) × (१ + ३१) × (१ + ६७) × (१ + २२३) हे कंस सोडवले तर प्रत्येक विभाजक एकदा आणि एकदाच येतो. म्हणून

४० × ८ × ३२ × ६८ × २२४ = १५,५९,७५,६८०

यातून खुद्द संख्या वजा केली की उरतात ६,८४,३६,३६१.

गणितज्ञ ऑयलरच्या नावानं ओळखली जाणारी आणखी एक मोजणी इथेच उरकून घ्या : आपल्या संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या किती? १८ × ६ × ३० × ६६ × २२२ = ४,७४,७२,४८०. एकेक मूळ अवयव १नं कमी करायचा; ३ तीनदा आहे म्हणून तिथे २ × ९ = १८ घ्यायचे.

पायरी ४ : न्यून, परिपूर्ण की विपुल?

ही वर्गवारी प्राचीन ग्रीकांपासून चालत आली आहे. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी असेल तर संख्या न्यून, बरोबर तेवढी असेल तर परिपूर्ण, जास्त असेल तर विपुल. ६, २८, ४९६, ८,१२८ या पहिल्या चार परिपूर्ण संख्या. (शाळेतली 'पूर्ण संख्या' वेगळी आणि ही 'परिपूर्ण' वेगळी, गल्लत नको.) विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.

आपली बेरीज ६,८४,३६,३६१, संख्येपेक्षा कमी. म्हणजे ती न्यून.

पण शिक्का मारून पुढे जाऊ नका, कारण शोधा. मघाशी गटांच्या बेरजेत ९४५ आला होता, आठवतं? ९४५ = ३ × ३ × ३ × ५ × ७, आणि ही सर्वांत लहान विषम विपुल संख्या. तिच्या विभाजकांची बेरीज ४० × ६ × ८ = १,९२०, स्वतःला वगळून ९७५. आता आपली संख्या शेजारी ठेवा : तीन वेळा ३ तोच, ७ही तोच. फक्त ५ नाही. त्याच्या जागी ३१, ६७, २२३ असे मोठे मूळ अवयव आले. मोठा मूळ अवयव बेरजेत फार भर घालत नाही : ५ असेल तर बेरीज संख्येच्या तुलनेत सहा-पंचमांश पट होते, २२३मुळे जेमतेम २२४/२२३ पट. विपुल व्हायला लहान-लहान अवयवांची दाटी लागते, संख्येचा आकार मोठा असून उपयोग नाही.

पायरी ५ : वर्गांची बेरीज होते का?

आता वहीच्या कोपऱ्यातल्या दोन बाक्या काढा.

कोणत्याही वर्गाला ४ने भागलं तर बाकी ० किंवा १. दोन वर्गांची बेरीज केली तर ०, १ किंवा २. तीन कधीच नाही. आपली बाकी ३, तेव्हा ही संख्या दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. आठ कोटींच्या संख्येबद्दलचा हा निकाल शेवटच्या दोन अंकांवरून लागला.

तीन वर्ग घेतले तर? वर्गाला ८ने भागल्यावर बाकी ०, १ किंवा ४. यांतल्या कोणत्याही तिघांची बेरीज करून पाहा; ८ने भागल्यावर ७ येत नाही. १ + १ + १ = ३, ४ + १ + १ = ६, ४ + ४ + १ = ९ म्हणजे १. सातला किमान चौघं लागतात : ४ + १ + १ + १. आपली बाकी नेमकी ७. म्हणजे तीन वर्गांनीही भागत नाही.

लाग्रांजनं १७७०मध्ये सिद्ध केलं की प्रत्येक पूर्ण संख्या चार वर्गांच्या बेरजेनं मांडता येते, मग त्यात शून्य आलं तरी चालेल. आपली संख्या ही चारांखाली न उतरणाऱ्या संख्यांपैकी एक. एक मांडणी अशी :

९,३५५चा वर्ग + १५१चा वर्ग + २२चा वर्ग + ३चा वर्ग
= ८,७५,१६,०२५ + २२,८०१ + ४८४ + ९ = ८,७५,३९,३१९

संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर हा गुण डोळ्यांना दिसतो : १०१ ००११ ०१११ १०११ १११० ०१११ ०१११. शेवटचे तीन अंक १११, म्हणजे ८ने भागल्यावर ७. असा शेवट असलेली कोणतीही संख्या तीन वर्गांत बसत नाही.

पायरी ६ : अंकांवरून ठरणारे गुण

हे गुण संख्येचे कमी आणि दशमान लेखनाचे जास्त. दुसऱ्या पायावर लिहिलं की बदलतात. तरी नवख्या माणसाला गोडी लावण्यात यांचा हात कुणी धरू शकत नाही, आणि मराठी वाचकासाठी तर यांत आपल्या माणसाचं काम आहे. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी आयुष्यभर अशाच गुणांचा शोध घेतला. अंकांच्या बेरजेनं ज्या संख्येला पूर्ण भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद' म्हटलं, हर्ष देणारी. १,७२९च्या अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १,७२९; ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४५, त्यात ५ आहे आणि आपल्याकडे ५ नाही. म्हणून ही हर्षद नाही.

कापरेकरांचीच दुसरी कल्पना : एखादी संख्या घ्या, तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा, नवी संख्या जन्माला येते. अशा रीतीनं जी कुठूनच जन्मत नाही ती स्वयंभू, तिला देवळाली संख्या असंही म्हणतात. आपली स्वयंभू आहे का? जनक शोधायला मागे जावं लागतं. आठ अंकांची बेरीज फार तर ७२, म्हणजे ७२ पावलांच्या आतच शोध. शिवाय आपल्या संख्येला ९ने भाग जातो, म्हणून जनकाच्या अंकांची बेरीजही ९च्या पटीत असायला हवी. राहिली आठ ठिकाणं. ९ मागे ८,७५,३९,३१० : बेरीज ३६, जमत नाही. १८ मागे पुन्हा ३६. २७ आणि ३६ मागे ४५. मग ४५ मागे ८,७५,३९,२७४ : ८+७+५+३+९+२+७+४ = ४५. जमलं! उरलेल्या तीन ठिकाणी जमत नाही. म्हणजे ही स्वयंभू नाही आणि तिचा जनक एकच.

आनंदी संख्या हा आणखी एक प्रकार, आणि हर्षदशी त्याचा काही संबंध नाही. अंकांच्या वर्गांची बेरीज करत राहायचं, शेवटी १ आला तर संख्या आनंदी. ६४+४९+२५+९+८१+९+१+८१ = ३१९. मग ९+१+८१ = ९१, मग ८२, ६८, १००, आणि १. आपली संख्या आनंदी आहे. पहिल्याच पावलात ३१९ आला, म्हणजे तिचेच शेवटचे तीन अंक. हा निव्वळ योगायोग, त्यात अर्थ शोधू नका.

मध्येच थोडं साधनांविषयी

आठ अंकांपर्यंत हात पुरतो. पुढे संगणक घ्यावा लागतो, पण दोन गोष्टी सांभाळा. एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये पंधरा अंकांपर्यंतच भरवसा, सोळाव्या अंकापासून शून्यं भरली जातात आणि इशाराही मिळत नाही. पायथन या संगणकीय भाषेत पूर्णांकांना अशी मर्यादा नाही, म्हणून नवख्यांना मी तेच सुचवतो. मात्र तिथेही भागाकारासाठी दोन तिरक्या रेघा वापरा. एक रेघ वापरलीत तर उत्तर दशांश अपूर्णांकात जातं आणि मोठ्या संख्येचे शेवटचे अंक हरवतात.

दुसरी गोष्ट मूळ संख्येच्या झटपट चाचण्यांची. फर्माचा नियम सांगतो की संख्या मूळ असेल तर तिच्यापेक्षा लहान कोणत्याही धन पूर्णांकाचा त्या संख्येइतका घात करून तिनं भागल्यावर तोच पूर्णांक बाकी म्हणून परत मिळतो. उलट दिशेनं हे खात्रीचं नाही. १,७२९ = ७ × १३ × १९, सरळ संयुक्त, तरी प्रत्येक पूर्णांकासाठी ती ही चाचणी उत्तीर्ण होते. अशांना कारमायकेल संख्या म्हणतात, सर्वांत लहान ५६१. म्हणून व्यवहारात मिलर-राबिन ही कडक चाचणी वापरतात. २००२मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तर संख्या मूळ आहे की नाही हे हमखास आणि वाजवी वेळात ठरवणारी रीत दिली.

अवयव पाडण्याची गोष्ट मात्र वेगळी. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या, २चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १, ही चार कोटींहून जास्त अंकांची आहे. पण २०२०मध्ये अवघ्या २५० अंकी 'आरएसए-२५०' या संख्येचे दोन अवयव शोधायला असंख्य संगणकांची ताकद महिनोन्‌महिने लागली. मूळ आहे की नाही हे कळणं सोपं, अवयव मिळणं महाकठीण. संगणकावरच्या गुप्त संदेशांची आरएसए ही पद्धत याच अंतरावर उभी आहे.

पायरी ७ : दोन घनांची बेरीज, आणि ही संख्या का निवडली

रामानुजन आजारी असताना हार्डी त्यांना भेटायला टॅक्सीनं गेले, टॅक्सीचा क्रमांक १,७२९ होता, हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. दोन धन संख्यांच्या घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या : १ आणि १२ यांचे घन, ९ आणि १० यांचे घन. मग तीन प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान कोणती? जॉन लीच यांनी १९५७मध्ये ती शोधली. ती म्हणजे आपली ८,७५,३९,३१९.

आता तिचे तिन्ही प्रकार कुणी सांगायची वाट न पाहता आपण अवयवांतून काढू. शाळेतलं सूत्र आहे :

अचा घन + बचा घन = (अ + ब) × (अचा वर्ग − अब + बचा वर्ग)

म्हणजे अ + ब हा आपल्या संख्येचा विभाजक असलाच पाहिजे. विभाजक चौसष्टच आहेत, आणि सगळे तपासायचीही गरज नाही. अ + ब या बेरजेचा घन आपल्या संख्येपेक्षा मोठा असतो, पण तिच्या चौपटीहून मोठा नसतो. ४४४चा घन ८,७५,२८,३८४, म्हणजे थोडा कमीच. चौपटीचं घनमूळ ७०४च्या पुढे, ७०५च्या आत. म्हणून अ + ब हा ४४५ ते ७०४ यांच्या दरम्यान हवा. चौसष्टांपैकी या पट्ट्यात फक्त चार विभाजक आहेत :

४६९ = ७ × ६७
६०३ = ९ × ६७
६५१ = ३ × ७ × ३१
६६९ = ३ × २२३

प्रत्येकासाठी गुणाकार अब असा काढायचा : बेरजेच्या वर्गातून जोडीचा विभाजक (आपल्या संख्येला त्या बेरजेनं भागून येणारा) वजा करा आणि ३ने भागा.

६०३ घेऊ. जोडीचा विभाजक १,४५,१७३. ६०३चा वर्ग ३,६३,६०९. वजाबाकी २,१८,४३६, तिला ३ने भागून ७२,८१२. म्हणजे दोन संख्यांची बेरीज ६०३ आणि गुणाकार ७२,८१२. फरकाचा वर्ग = ३,६३,६०९ − ४ × ७२,८१२ = ७२,३६१, आणि तो २६९चा वर्ग निघतो. बेरीज ६०३, फरक २६९ : संख्या ४३६ आणि १६७.

६५१ घेतला तर गुणाकार ९६,४४४, फरक १९५ : संख्या ४२३ आणि २२८.

६६९ घेतला तर गुणाकार १,०५,५७०, फरक १५९ : संख्या ४१४ आणि २५५.

आणि ४६९? २,१९,९६१ − १,८६,६५१ = ३३,३१०, याला ३ने भागच जात नाही. बाद.

१६७चा घन ४६,५७,४६३ आणि ४३६चा घन ८,२८,८१,८५६ : बेरीज ८,७५,३९,३१९.
२२८चा घन १,१८,५२,३५२ आणि ४२३चा घन ७,५६,८६,९६७ : बेरीज तीच.
२५५चा घन १,६५,८१,३७५ आणि ४१४चा घन ७,०९,५७,९४४ : बेरीज तीच.

तीनच प्रकार, चौथा नाही, हे आपण हातानं सिद्ध केलं. चारच उमेदवार होते आणि चारही तपासले. हा हिशेब पहिल्यांदा पुरा झाला तेव्हा मी बराच वेळ त्या चार ओळींकडे बघत बसलो होतो. एका प्रकारात ६७ कामाला आला, दुसऱ्यात ७ आणि ३१ मिळून, तिसऱ्यात २२३. पायरी २ मध्ये भागाकारांतून निघालेले मोठे अवयव एकेका प्रकाराच्या वाट्याला गेले आहेत, आणि ३ तिघांनाही पुरला. तीन वर्गांतसुद्धा न बसणारी ही संख्या दोन घनांत तीनदा बसते.

चार प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या तेरा अंकी आहे, ६९६३४७२३०९२४८. ती १९८९मध्ये सापडली. तिच्याकडे वळण्याआधी हात बसवायला एक लहान संख्या घ्या : ४,१०४. अवयव पाडा, २ × २ × २ × ३ × ३ × ३ × १९ येतील. घनमूळ १६च्या थोडं पुढे, चौपटीचं घनमूळ २५च्या पुढे, म्हणून १७ ते २५ या पट्ट्यातले विभाजक बघायचे. तिथे १८, १९ आणि २४ हे तीनच आहेत. यांतले दोन जमतात, एक जमत नाही. कोणता आणि का, ते पेन्सिल घेऊन काढा.